फिर्याद देताना या चुका टाळा: चोरी की जबरी चोरी?

नाशिकच्या रामकुंडावरच्या गर्दीत खिशातले पाकीट नकळत काढले गेले, तर ती चोरी होते. इंदिरानगरच्या रस्त्यावर दुचाकीस्वाराने गळ्यातली सोनसाखळी झटक्यात ओढून नेली, तर तो हिसकावण्याचा गुन्हा ठरतो. आणि साखळी हाती लागावी म्हणून त्याने महिलेला मारहाण केली किंवा चाकू दाखवला, तर ती जबरी चोरी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे गुन्हे अनुक्रमे कलम ३०३, ३०४ आणि ३०९ मध्ये येतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फिर्यादीत केवळ गेलेल्या ऐवजाची यादी देणे. चोरी आणि जबरी चोरी यांतला भेद सोन्याच्या वजनावर ठरत नाही. बळ केव्हा आणि कशासाठी वापरले, यावर तो ठरतो. ऐवज घेण्यासाठी, घेताना किंवा घेतलेला ऐवज घेऊन निसटण्यासाठी चोराने दुखापत केली, अडवून धरले अथवा तत्काळ इजेची भीती घातली, तर चोरीची जबरी चोरी होते. म्हणूनच मोबाइल काढून घेतल्यानंतर हात धरणाऱ्याला चोराने ढकलून जखमी केले असेल, तर ते ढकलणे फिर्यादीत आलेच पाहिजे. मात्र मोबाइल तिथेच टाकून, निव्वळ स्वतःची सुटका करण्यासाठी त्याने पळता पळता दगड मारला असेल, तर चोरी आणि दुखापत हे वेगवेगळे गुन्हे ठरू शकतात. घाबरलेला माणूस नेमका हाच क्रम सांगायचा विसरतो. पोलीस ठाण्यात त्याला शांतपणे बसवून तो विचारला जायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वेळ आणि जागा मोघम लिहू नका. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत, तर जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण द्राक्षांचे पैसे घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याला मुंबई-आग्रा महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत लुटले, तर ही शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

तिघांनी लुटले असताना ‘दरोडा पडला’ असे सांगणेही चुकीचे आहे, कारण दरोड्यासाठी किमान पाच जण लागतात आणि फुगवलेली संख्या उलटतपासणीत फिर्यादीच्याच अंगलट येते.

पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र असल्याने तिच्या तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जबरी चोरी मात्र शंभर रुपयांची असली तरी दखलपात्र असते, म्हणजे तिचा तपास पोलीस अशा आदेशाविना करू शकतात. त्यामुळे ‘रक्कम किरकोळ आहे’ एवढ्याच कारणावरून परत फिरू नका. सही करण्यापूर्वी फिर्याद पूर्ण वाचा आणि तिची विनामूल्य प्रत मागून घ्या. दखलपात्र गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाल्यास ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात आयुक्तालयाकडे लेखी तक्रार पाठवा; त्यानंतरही दखल घेतली गेली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.