काजू मोहोरात असताना बांध पेटवू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, काजू मोहोरावर येतो त्याच दिवसांत रानातला पाला वाळतो आणि बांध पेटू लागतात. मोहोर भरगच्च असूनही फळ धरत नाही अशा बागा मी दरवर्षी पाहतो, आणि त्यांतल्या पुष्कळ बागांच्या कडेला काळा पडलेला बांध दिसतो. कोरडा वारा सुटल्यावर आग आवरत नाही, म्हणून इतर सर्व कामांआधी एवढे पाळावे: शेताला लागून असलेल्या देवराईच्या कडेचा पाला, वठलेली झाडे आणि घाणेरीच्या वाळक्या काड्या पेटवू नयेत.

त्या काड्यांत आणि लाकडांत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांची घरटी असतात. काजूच्या फुलावर येणाऱ्या बारीक, चकाकत्या माश्यांपैकी काही जाती मऊ गराच्या वाळक्या काड्या कोरून आत राहतात, काळा भुंगा सुके लाकूड आणि बांबू पोखरतो, तर पाने गोल कातरणारी माशी किड्यांनी पाडलेल्या जुन्या भोकांत पानांच्या तुकड्यांचे कप्पे रचते. प्रत्येक कप्प्यात पराग व मधुरसाचा गोळा आणि एक अंडे ठेवून ती तोंड बंद करते. आग आली तर आई उडून जाईल, पण बंद कप्प्यातली अळी जागीच भाजते. अशाच पोकळ्यांत राहणाऱ्या काही गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्यांना डंख मारून लुळ्या करतात आणि पिल्लांसाठी साठवतात. भिंतीला मातीचे घर करणारी कुंभारीण मात्र बहुधा कोळी नेते. तुरीच्या पानाला कडेने गोल काप दिसला म्हणून लगेच फवारणी करू नये, कारण ती माशी पान खात नाही, घरट्यासाठी नेते.

या पंधरवड्यातील इतर कामे:
काजू: बागेभोवती 10 फूट पट्टा हाताने साफ करणे, कापलेले गवत आळ्यात पसरणे.
ऊस: तोडणीनंतर बुडखे छाटणे, पाचट न जाळता सरीत दाबणे.
काकडी, दोडका: मांडव बांधणे, वेल वळवणे.

काजूच्या पालवीवर ढेकण्या (रस शोषणारा किडा) दिसला तरच, शिफारशीप्रमाणे लॅम्डा सायहॅलोथ्रीन 5 टक्के, 10 लिटर पाण्यात 6 मिली, सूर्य कलल्यावर फवारावे. हे औषध माश्यांनाही मारते, त्यामुळे फुले उमललेल्या झाडावर ते नकोच. फळधारणेसाठी म्हणून दुकानदार टॉनिकची महागडी बाटली पुढे करतो, ती घेऊ नये. पराग नेणारी माशीच उरली नसेल तर बाटलीतून काजू धरत नाही. औषधाची शंका रयत संपर्क केंद्रात (शेती खात्याच्या कार्यालयात) विचारावी, विकणाऱ्याला नव्हे.

ज्यांचे बांध आधीच जळले आहेत त्यांनी बांबूचे वीतभर तुकडे एका टोकाला पेराची गाठ राखून कापावेत, आतली पोकळी 4 ते 10 मिलिमीटर असावी, आणि वीस-पंचवीसांची जुडी राईच्या कडेला छातीच्या उंचीवर आडोशाला टांगावी. पूर्वेकडे तोंड केलेल्या नळ्या लवकर भरतात असा माझा अंदाज आहे. बारीक माश्या काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत, म्हणून जुडी बागेजवळच हवी. वठलेला आंबा किंवा सावर सरपणासाठी पाडायचाच असेल तर निदान पुरुषभर उंचीचा बुंधा उभा ठेवावा, आणि तोडलेल्या फांद्या पावसाळा उलटेपर्यंत कडेलाच रचून ठेवाव्यात.