इंजिनाची जुनी पुली बसवण्यापूर्वी कशी तपासावी

जुन्या मोटारीची क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या क्रँक या मुख्य दांड्याच्या टोकावर बसून पट्टा फिरवणारी चाकी, निकामी झाली की नवी मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी, किंवा बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक फेरी मारावी, असा सल्ला पुण्यात हमखास मिळतो. त्यात गैर काही नाही. ओतीव लोखंडाची अखंड पुली नीट तपासून घेतली तर ती आणखी बरीच वर्षे चालते. मात्र आतला हब (मधला भाग) आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचे वलय असलेली डॅम्पर पुली जुनी घ्यावी की नाही, याचा विचार दोनदा करावा, कारण लोखंडाचे वय डोळ्यांना दिसते, तसे रबराचे दिसत नाही. पुली कोणत्या प्रकारची आहे हे म्हणूनच सर्वांत आधी ठरवावे. पुढून पाहिल्यावर हब आणि कडी यांच्यामध्ये काळी गोलाकार रेघ दिसली, तर ती रबराची आहे.

दुकानात जाताना स्वतःची खराब पुली, नवा पट्टा, व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापे घेण्याचे साधन) आणि छोटी बॅटरी (टॉर्च) जवळ ठेवावी. पुलीचा बाहेरचा व्यास, बोअरचा (मधल्या भोकाचा) व्यास, एकूण जाडी आणि मागच्या गळ्याची (मागे आलेल्या नळीसारख्या भागाची) लांबी ही चार मापे आपल्या जुन्या पुलीशी जुळली पाहिजेत. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांत पुलीचा व्यास थोडा बदललेला असू शकतो. अशी पुली बसते, फिरते, पण अल्टरनेटर (गाडीतले वीज निर्माण करणारे यंत्र) आणि पाण्याचा पंप यांचा वेग त्यामुळे बदलतो. गळ्याची लांबी चुकली तर पट्टा सरळ रेषेत राहत नाही आणि कडेने झिजू लागतो.

ताजा रंग मारलेली पुली हाती आली तर संशय घ्यावा. रंगाखाली तडा, वेल्डिंगचा टाका किंवा लांबीने (पुट्टीने) भरलेला खड्डा लपवता येतो. दुकानदाराला विचारून तारेच्या ब्रशने खाच, बोअर आणि चावीच्या गाळ्याजवळचा (पुली क्रँकवर पक्की ठेवणारा लोखंडी तुकडा, म्हणजे चावी, जिथे बसते त्या खोबणीजवळचा) भाग स्वच्छ करावा. त्याने नकार दिला तर पुली तिथेच ठेवून पुढे जावे. वेल्डिंग केलेली पुली, किती का स्वस्त असेना, घेऊ नये, कारण उष्णतेने तिचा आकार बिघडलेला असतो आणि ओतीव लोखंडात टाक्याच्या शेजारी नवा तडा जाण्याची शक्यता असते. मात्र कडीवर किंवा मागच्या बाजूला नीट गोल, अर्धवट खोलीची छिद्रे दिसली तर घाबरू नये. ती कारखान्यात पुलीचा तोल साधताना पाडलेली असतात.

तडे शोधण्याचे काम घाईने होत नाही. ते बहुधा चावीच्या गाळ्याच्या कोपऱ्यांतून, बोल्टच्या छिद्रांच्या कडेने आणि आरे असलेल्या पुलीत आऱ्यांच्या मुळाशी सुरू होतात. अखंड ओतीव पुली असल्यास ती दोरीला टांगून छोट्या हातोडीने हलकेच टकटक करावे. धड पुली घंटेसारखी थोडा वेळ वाजत राहते, तडा असलेली बद्द आवाज करते. रबराच्या पुलीला ही कसोटी लागू पडत नाही, ती धड असली तरी बद्दच वाजते. त्यापेक्षा खात्रीची पद्धत म्हणजे तडे दाखवणारा लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर यांचा संच वापरणे. तो नसेल तर डिझेल आणि खडूवरही काम भागते. संशयित भागावर डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे आणि खडूची बारीक पूड चोळावी. तडा असल्यास आत शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओलसर, काळपट रेघ उमटते. ती पुडीसकट पुसून पुन्हा पूड लावावी. त्याच जागी पुन्हा उमटली तर तो ओरखडा नव्हे, तडाच आहे. रबराच्या वलयाला मात्र डिझेल लागू देऊ नये, त्याने रबर फुगते.

यानंतर पट्ट्याची खाच पाहावी. इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेत पट्टा दोन्ही बाजूंच्या उतारांना धरून चालतो, तळाला टेकत नाही. नवा पट्टा खाचेत बसवून पाहिला की त्याची वरची कड पुलीच्या काठाच्या पातळीत किंवा किंचित वर राहिली पाहिजे. तो खूप आत गेला, किंवा खाचेचा तळ आरशासारखा चमकत असला, तर उतार झिजले आहेत आणि नवा पट्टाही काही दिवसांत घसरू लागेल. उतारावर कॅलिपरची सरळ कड टेकवून मागून बॅटरी धरावी. मधून उजेड दिसला तर उतार पोटात गेलेला आहे. अनेक बारीक खाचांच्या पुलीत प्रत्येक खाचेची धार बोटाने चाचपावी आणि खाचांची संख्या पट्ट्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. पट्ट्यावर ‘६ पीके’ असे असेल तर त्याला सहा धारा आहेत असे समजावे. काठावरची बारीक धस कानशीने घासता येते, पण तुकडाच उडालेला असेल तर पुली बाद समजावी.

बोअर आणि चावीचा गाळा यांतून पुलीचा पूर्वेतिहास कळतो. आत तांबूस-तपकिरी पूड किंवा खळगे दिसले, तर ती क्रँकवर सैल राहून हलत होती. गाळ्यात नवी चावी हाताच्या दाबाने किंवा हलक्या ठोक्याने घट्ट बसली पाहिजे, डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये. गाळा तोंडाशी रुंद झालेला असला तर तो भरून पुन्हा कापण्याच्या भानगडीत पडू नये. मागे पाना घालून उचकटल्याच्या आणि पुढे हातोडीने ठोकल्याच्या खुणाही पाहाव्यात. पुलर (पुली ओढून काढण्याचे हत्यार) न वापरता काढलेली पुली पुष्कळदा वाकडी असते. पुलरच्या छिद्रांतले आटे त्या मापाचा बोल्ट हाताने फिरवून तपासावेत.

मागच्या गळ्यावर ज्या ठिकाणी ऑइल सीलचा (तेल अडवणाऱ्या कड्याचा) ओठ टेकतो, तेथे चमकदार वलय असणे स्वाभाविक आहे. त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर ओठाने चर पाडला आहे आणि नवे सील घातले तरी तेल गळणार. अशा वेळी पातळ धातूची दुरुस्ती-बाही त्या मापाची मिळते का ते पाहावे, एरवी पुली नाकारावी.

रबराच्या पुलीत वलय पूर्ण गोलात तपासावे. रबर काठाबाहेर फुगून आले आहे का, त्याला चिरा आहेत का, नखाने दाबल्यावर ते दगडासारखे कडक लागते का, आणि कडी हबपासून कोठे पुढे-मागे सरकली आहे का, हे पाहावे. चावीच्या गाळ्यापासून टायमिंगच्या (इंजिनात ठिणगी किंवा इंधन सोडण्याची वेळ जुळवण्याच्या) खुणेपर्यंतचे अंतर आपल्या जुन्या पुलीशी ताडावे, अर्थात जुन्या पुलीची कडी सरकलेली नाही याची खात्री असेल तरच. कडी फिरून सरकली असेल तर खूण खोटी ठरते आणि त्या खुणेवरून लावलेले टायमिंगही चुकते. ही पुली क्रँकची पिळवटणारी कंपने शोषते, म्हणून रबराबद्दल जराही शंका असेल तर नवीच घ्यावी.

पुली डोलते का, हे हातात धरून समजत नाही. भोसरीच्या औद्योगिक भागात लेथचे कारखाने पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी ती मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) काठाचा आणि बाजूचा डोल मोजून घेता येतो. मर्यादा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतली धरावी. ही सोय नसेल तर पुली बसवल्यावर, गाडीच्या बॅटरीची तार सोडून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, एका स्थिर बोल्टला वाकडी तार बांधावी, तिचे टोक काठाजवळ आणावे आणि इंजिन पान्याने हळूहळू पूर्ण फेरा फिरवावे. फट सगळीकडे सारखी राहिली पाहिजे.

बसवताना क्रँकच्या नाकावरची (पुढच्या टोकावरची) घाण पुसावी, सीलच्या ओठाला थोडे तेल लावावे, आणि बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावा. ज्या इंजिनांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तेथे नवा घ्यावा. रबराची पुली असल्यास हब, रबर आणि कडी यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी आणि काही दिवस गाडी चालवल्यावर, इंजिन बंद करून, ती पाहावी. रेघ तुटून तिचा बाहेरचा भाग पुढे-मागे गेलेला दिसला, तर ती पुली काढून टाकावी.