एकूण १०४, तरीही नापास: एन३ ला बसणाऱ्यांसाठी

शब्द आणि व्याकरण ४५, वाचन ४२, श्रवण १७. एकूण १८० पैकी १०४. जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, तिचे पाच स्तर: एन५ सगळ्यात सोपा, एन१ सगळ्यात अवघड. त्यातली एन३ पास व्हायला ९५ लागतात, म्हणजे माझे नऊ गुण जास्तच होते. तरी निकाल नापास. जानेवारीच्या शेवटी एका रात्री ते पान मी तीनदा उघडून पाहिलं. काहीतरी चुकलंय असंच वाटत होतं. चुकलं काहीच नव्हतं. नियम मला माहीत होता, पण तो आपल्याला लागू होईल असं कधी मनातच आलं नव्हतं.

नियम असा. एन३ मध्ये ६०-६० गुणांचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागात किमान १९ हवेत. एका भागात १८ पडले तर बाकी दोन्हींत पैकीच्या पैकी मिळवूनही उपयोग नाही. एन४ आणि एन५ ला शब्द, व्याकरण, वाचन मिळून १२० चा एक भाग असतो आणि त्यात ३८ लागतात. श्रवण मात्र तिथेही वेगळंच, ६० पैकी १९. एन५ ला एकूण ८०, एन४ ला ९०, एन३ ला ९५ हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. १९ चा आकडा पाठ असलेला मला फारसा कुणी भेटला नाही. आणखी एक गोष्ट. हे गुण थेट 'इतकी उत्तरं बरोबर म्हणजे इतके गुण' असे मोजत नाहीत, प्रश्नांच्या काठिण्याप्रमाणे ठरवतात. त्यामुळे घरी सराव करताना 'दहा बरोबर आली, म्हणजे झालो पास' हा हिशेब करू नका. काठावर राहूच नका.

जपानी शिकणं आपल्याला कुठे सोपं जातं ते आधी सांगते. पुढचं वाचून धास्ती बसायला नको. 'मी बसने पुण्याला जाते' हे वाक्य जपानीत 'वाताशि वा बासु दे पुने नि इकिमासु'. शब्दांचा क्रम तोच. 'ने'च्या जागी 'दे', 'ला'च्या जागी 'नि', क्रियापद शेवटी. त्यांच्या अक्षरमालेचा क्रमही आ इ उ ए ओ, का सा ता ना असा आपल्या कानाला ओळखीचा, कारण बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आलेला आहे. 'त्सु' म्हणायला आपल्याला कष्ट पडत नाहीत, 'चमचा'तला च म्हणणारी जीभ तिथे सहज पोचते.

आणि सगळ्यात मोठी गंमत क्रियापदांची. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं. 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणं. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं, किंवा खायचं नव्हतं तरी खाऊन बसणं. इंग्रजी पुस्तकं यातल्या एकेका रूपाला पानभर समजावतात, आपल्याला एका ओळीत कळतं. म्हणून माझं ठाम मत आहे की जपानी मराठीतून शिकावं. वहीत अर्थ मराठीत लिहावा. इंग्रजीतून शिकणं म्हणजे शेजारच्या घरी जायला आधी स्टेशनवर जाऊन यायचं. क्लासमध्ये सगळे इंग्रजीत लिहितात म्हणून पहिलं वर्षभर मीही तसंच केलं. ते वर्ष परत मिळणार नाही.

आता माझी चूक.

मी स्वारगेटजवळ मावशीकडे राहत होते आणि कामाला हिंजवडीत. जाताना-येताना मिळून रोज तीन तास बसमध्ये. सगळा अभ्यास मोबाइलवर. एका ॲपवर माझे सलग ४१२ दिवस झाले होते, एकही दिवस न चुकवता. शब्दांसाठी अँकी नावाच्या ॲपवरची शब्दकार्डं होती. श्रवणासाठी चांगले, बाहेरचा आवाज बंद करणारे इअरफोन घेतले होते, पहिल्या पगारवाढीतून. बसमध्ये कितीही कलकल असो, कानात जपानी माणूस अगदी शेजारी बसून बोलतोय असं ऐकू यायचं. मी खूश होते. श्रवणाचे दोनशे तास तरी झाले असतील.

परीक्षेत इअरफोन नसतात. वर्गात एक स्पीकर असतो. त्यावर ध्वनिमुद्रण एकदा वाजतं. फक्त एकदा. मला शेवटून दुसरा बाक आला होता, डोक्यावर पंखा आणि बाहेर रस्ता. माणूस शेजारी बसून बोलत नव्हता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोलत होता. शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. 'किते' की 'कित्ते', 'बिरु' की 'बीरु', इअरफोनमध्ये लख्ख ऐकू येणारे हे फरक तिथे हवेत विरून गेले. पहिल्यात 'या' आणि पोस्टाचं तिकीट, दुसऱ्यात इमारत आणि बिअर, एवढा फरक असतो हो.

पण सगळा दोष स्पीकरला देणं खोटेपणा होईल. त्याच खोलीत इतर जण पास झाले. खरी गोष्ट ही की माझे ते दोनशे तास श्रवणाचे नव्हतेच. नाही कळलं की बोट आपोआप दहा सेकंद मागे जायचं. फारच भरभर बोलले तर मी वेग पाऊण करायचे. आणि खाली स्क्रीनवर संवाद लिहिलेला असायचाच. डोळे वाचत होते आणि मला वाटत होतं कान ऐकतायत. हे तीन आधार एकदम काढून घेतल्यावर माझ्या हातात किती उरतं, हे मी घरी एकदाही तपासलं नव्हतं. ते पहिल्यांदा तपासलं परीक्षेच्या खोलीत.

एक उदाहरण देते, म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. संवाद साधारण असा असतो: साहेब सांगतात की बैठकीच्या आधी कागदांच्या प्रती काढा, खोली उघडा, पाहुण्यांना फोन करा. बाई म्हणते, 'कोपी वा मोउ शितोइता'. मग साहेब म्हणतात, तर मग फोनचं मी बघतो. प्रश्न: बाईने आता काय करायचं? उत्तर आहे खोली उघडायची, पण त्यासाठी 'शितोइता' कळायला हवं. पुस्तकात आपण 'शिते ओइता' शिकतो, 'करून ठेवलं', म्हणजे प्रती आधीच काढून झाल्यात. बोलताना त्याचं 'शितोइता' होतं, जसं आपल्याकडे 'येतो आहेस का'चं 'येतोयस का' होतं. 'ते शिमाउ'चं 'चाउ' होतं. 'नाकेरेबा'चं (नाही केलं तर) 'नाक्या' होतं. लिहिलेलं समोर असताना मला यातलं प्रत्येक रूप ओळखता यायचं. नुसतं कानावर पडल्यावर 'शितोइता' हा कुठला तरी नवा शब्द वाटला. त्याचा विचार करत बसले तेवढ्यात साहेबांचं शेवटचं वाक्य निघून गेलं.

आणि ही साखळी तुटत नाही. एन३ च्या श्रवणात पाच प्रकारचे प्रश्न असतात, वेळ ४० मिनिटं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रकारात कागदावर पर्यायसुद्धा छापलेले नसतात. पाचव्यात एक वाक्य ऐकू येतं, मग तीन उत्तरं ऐकू येतात, काही सेकंद मिळतात, की पुढचं वाक्य सुरू. एक सुटलं म्हणून हळहळत बसलात की पुढची दोन जातात. सुटलं की कुठलाही एक गोल काळा करायचा आणि मन कोरं करायचं. हे लिहायला सोपं आहे. मला ते जमायला चार महिने लागले.

जुलैच्या परीक्षेसाठी मी इअरफोन कपाटात ठेवून दिले. मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिक्सरच्या डब्याला टेकवून, आणि मी दाराजवळ पाटावर वही घेऊन. पंखा चालू. मावशीचा स्वयंपाक चालू. मोबाइलला हात लावायचा नाही हा नियम. कुकरची शिट्टी झाली तर झाली, त्यात गेलेलं वाक्य गेलं. पहिल्या आठवड्यात दहातली तीन उत्तरं बरोबर यायची आणि मला रडू यायचं. एकदा मी न राहवून उठले आणि मागे सरकवायला हात पुढे केला, तर मावशी लाटणं हातात घेऊन म्हणाली, "अगं, परीक्षेत उठणारेस का तू?" मी परत जाऊन बसले.

सराव संपल्यावर मात्र संहिता उघडायची. नाही कळलेलं वाक्य शोधायचं, मोठ्याने पाच वेळा म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदाच ऐकायचं. जे रूप आपल्या तोंडातून एकदाही गेलेलं नाही ते कान ओळखत नाही, हा माझा अनुभव. सामग्रीसाठी पैसे घालवू नका. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावाच्या दोन पुस्तिका आहेत, २०१२ आणि २०१८ च्या, ध्वनिफितींसकट आणि मोफत. त्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा. मी पहिली पुस्तिका फार लवकर, थांबवत थांबवत सोडवून वाया घालवली.

ॲपबद्दल माझा राग नाही. रोज उघडायची सवय त्यानेच लावली आणि थकलेल्या दिवशी पाच शब्द तरी झाले. पण सलग दिवसांचा आकडा म्हणजे आपली जपानी नव्हे. तो तुटू नये म्हणून मी रात्री पावणेबाराला सगळ्यात सोपा धडा उरकत होते. नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की तो आकडा दिसणार नाही अशी सोय असेल तर करून टाका. अँकी चांगलं, अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, पण दुसऱ्याची तयार कार्डं घेऊ नका. स्वतः बनवा, वेळ लागला तरी. महागडा टॅब, इलेक्ट्रॉनिक शब्दकोश, यातलं काही एन३ पर्यंत लागत नाही.

कांजी, म्हणजे जपानीतली चिनी लिपीतून आलेली अक्षरं, मात्र हाताने लिहा. परीक्षेत लिहावी लागत नाहीत, नुसती ओळखायची असतात, म्हणून सगळे टाळतात. मोबाइलवर टाइप करून कांजी निवडता येते, पण थांबणं म्हणजे 'मात्सु' आणि हातात धरणं म्हणजे 'मोत्सु' यांच्या कांजीची उजवी बाजू सारखीच आहे, फरक फक्त डावीकडे. डोळ्याला तो फरक पंधरा दिवसांत विसरायला होतो. चौकटीच्या वहीत वीस वेळा लिहिलेला हात विसरत नाही. २०१० मध्ये परीक्षेचे चारचे पाच स्तर झाले, तेव्हापासून शब्दांची आणि कांजींची अधिकृत यादी निघत नाही. त्यामुळे 'एन३ च्या साडेसहाशे कांजी' वगैरे जे मिळतं ते अंदाज आहेत. वापरा, पण त्यालाच धरून बसू नका.

क्लास आणि सेन्सेइ, म्हणजे शिक्षक, यांबद्दल. सहा महिन्यांत शून्यापासून एन३ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. होणारे असतील, पण नोकरी सांभाळून नाही. माझ्या पहिल्या सेन्सेइ फार प्रेमळ होत्या, चुकलं तरी 'छान, छान' म्हणायच्या. दुसऱ्या अर्ध्या वाक्यात थांबवून पुन्हा म्हणायला लावायच्या आणि मी घरी जाऊन चिडायचे. आज जी काही जपानी येते ती दुसऱ्यांमुळे. सल्ला विचारायचा असेल तर दहा वर्षांपूर्वी एन१ झालेल्यांना विचारू नका. त्यांना आपली अडचण आठवत नाही. ज्यांनी गेल्या वर्षी तुमचा स्तर पार केला त्यांना विचारा.

नोकरीसाठी शिकत असाल तर हेही माहीत असू द्या: या परीक्षेत बोलण्याचा भागच नाही. मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न स्वतःची ओळख करून द्या हाच असतो. एन३ च्या प्रमाणपत्रावर नोकरी लागेल असं समजू नका. भाषांतराच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी एन२ मागतात. पण एन३ वाया जात नाही. ज्यांचं श्रवण एन३ ला पक्कं होतं, त्यांना एन२ ला मोठा आधार मिळतो, हे मी आत्ता अनुभवते आहे.

जुलैत श्रवणात ३१ मिळाले. फार नाहीत. पण तो निकाल पाहताना मावशीने ओट्यावरची जागा पुसून तिथे पेढ्यांचा पुडा ठेवला होता.

तुमची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असेल, तर अजून वेळ आहे. आधी एन४ दिली असेल तर तिचा निकाल काढून फक्त श्रवणाचा आकडा बघा. माझा २४ होता. पास झाल्याच्या आनंदात मी त्याकडे पाहिलंच नाही. तुमचाही तिशीच्या खाली असेल तर आजपासून इअरफोन बाजूला ठेवा. परीक्षेच्या दिवशी एचबी पेन्सिली दोन-तीन, खोडरबर, हॉलतिकीट, ओळखपत्र. फोन बंद करा, नुसता सायलेंट नको. वाजला तर बाहेर काढतात.

आणि श्रवण सुरू होण्याआधी आवाज तपासायला थोडंसं वाजवून दाखवतात. नीट ऐकू येत नसेल तर तेव्हाच हात वर करायचा, नंतर काही करता येत नाही. डिसेंबरमध्ये सगळे गप्प होते म्हणून मीही गप्प बसले. जुलैत मी हात वर केला. पर्यवेक्षक बाईंनी आवाज थोडा वाढवला, माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीने हळूच 'थँक्यू ताई' म्हटलं, आणि पहिला प्रश्न सुरू झाला.