एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेताय? आधी हे वाचा

बरेच जण समजतात की ई-रेसिडेन्सीचं कार्ड मिळालं म्हणजे आपण एस्टोनियाचे रहिवासी झालो, आता टॅक्स तिथेच भरायचा. तसं काही नाहीये. 2014 पासून सुरू असलेली ही फक्त डिजिटल ओळख आहे, तिने कंपनी ऑनलाइन काढता येते, कागदपत्रांवर सही करता येते, पण व्हिसा मिळत नाही आणि तुमची टॅक्स रेसिडेन्सीही (म्हणजे टॅक्ससाठी तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी धरले जाता ते) बदलत नाही.

कंपनीचा नफा कंपनीतच ठेवला तर तिथे त्यावर इन्कम टॅक्स नाही, हे खरंय. डिव्हिडंड काढला, म्हणजे नफा मालक म्हणून स्वतःकडे घेतला, की लागतो, 2025 पासून 22/78 या हिशोबाने, म्हणजे हातात 7,800 युरो घेतले तर कंपनी त्याशिवाय 2,200 युरो टॅक्स भरते. पण खरी गोम पुढे आहे. तुम्ही स्वतःच्या देशात बसून सगळे निर्णय घेत असाल, क्लायंटशी बोलणं, काँट्रॅक्ट सगळं तिथूनच, तर तुमचा देश म्हणू शकतो की कंपनी खरी इथूनच चालते, मग टॅक्स इथेही भरा. म्हणून कंपनी काढायच्या आधीच तुमच्या देशातल्या सीएला दोन देशांमधला टॅक्स करार दाखवून विचारा, एस्टोनियातल्या एजंटला नको, त्याला त्याची फी हवी असते.

आणि हो, वर्षभर एक युरोचाही धंदा झाला नसला तरी वार्षिक रिपोर्ट द्यावाच लागतो, आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत. नाहीतर दंड होऊ शकतो, कंपनी रजिस्टरमधून काढलीही जाऊ शकते.