पणसायमळची कातळशिल्पे नीट कशी पाहावीत

गोव्यातील सांगे तालुक्यातल्या रिवण गावापुढे, कुशावती नदीच्या काठी, जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर प्राचीन माणसाने शंभराहून अधिक आकृती कोरून ठेवल्या आहेत. या जागेला पणसायमळ किंवा उसगाळीमळ म्हणतात. 1993 साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांसोबत तिचाही समावेश झाला. तरीही येथे येणारे अनेक जण दहा मिनिटांत परत फिरतात, कारण भर दुपारी आलेल्या माणसाला तेथे केवळ लाल दगड दिसतो. मला याचे फार वाईट वाटते, म्हणूनच हे लिहीत आहे.

जाण्याचा मार्ग सोपा आहे: मडगावहून केपे, तिळामळ, रिवण, आणि तेथून कोळंबच्या दिशेने. रिवणनंतर वाट विचारताना ‘पणसायमळ’ हेच नाव घ्यावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. पावसाळ्यात जाणे टाळावे. नदी वाढलेली असते, कातळावर शेवाळ धरते आणि पाय घसरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

खरी गोष्ट आहे ती उन्हाची. या रेषा खोल नाहीत, आणि जांभा हा मुळात खडबडीत, छिद्रांनी भरलेला दगड आहे. उष्ण, पावसाळी हवामानात मूळ खडकातील सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात व उघड्या हवेत त्याचा पृष्ठभाग टणक होतो. अशा दगडावर माथ्यावरचे ऊन पडले की कोरीव रेषा आणि नैसर्गिक छिद्र यांतला फरक डोळ्यांना कळेनासा होतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना मात्र प्रत्येक रेषेच्या एका काठाची सावली आत पडते आणि आकृती आपोआप उठून दिसते. म्हणून सूर्योदयानंतरचा तास किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास गाठावा. दुपारीच जावे लागले, तर आकृतीवर छत्रीची सावली धरावी आणि विजेरी दगडाच्या अगदी जवळ, आडवी धरून प्रकाश टाकावा. ही युक्ती छायाचित्रांसाठीही उपयोगी आहे, फक्त छायाचित्रात मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी. पट्टी नसेल तर नंतर आकाराचा अंदाज येत नाही.

पाहण्याची सुरुवात वर्तुळाकार चक्रव्यूहापासून करावी. ती आकृती ठळक आहे, आणि तिची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केवळ नजरेने चालत गेल्यास या दगडावरचा कोरीव काठ कसा दिसतो हे डोळ्यांना शिकता येते. त्यानंतर वशिंडाचे बैल, हरणे, मोर आणि मानवी आकृती शोधाव्यात. एकच आकृती दोन बाजूंनी पाहावी, कारण उलट्या बाजूने दिसणारा बैल पुष्कळदा ओळखता येत नाही. मी वहीत चौकोन आखून आकृती उतरवतो. हात फिरू लागला की डोळ्यांनी सोडलेल्या रेषाही सापडतात. या शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे कोणी ठामपणे हजारो वर्षांचा आकडा सांगितल्यास तो एक अंदाज म्हणूनच ऐकावा.

येथे माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. रेषा उठून दिसावी म्हणून तीत खडू, रांगोळी किंवा रंग भरू नये, तेल वा पाणी ओतू नये, दगडावर कागद ठेवून घासून ठसा घेऊ नये. जांभ्याचे कण सुटतात, आणि एकदा झिजलेला काठ परत मिळत नाही. आकृतींवर पाय ठेवू नये. दोन आकृतींमधल्या मोकळ्या कातळावरून, शक्यतो बूट काढून फिरावे. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी कडेला उभे करून आकृती दाखवाव्यात आणि मग आत न्यावे.

वेळ उरल्यास रिवणच्या कोरीव गुंफा पाहाव्यात; त्यांना तेथील लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत अंधार असतो, त्यामुळे विजेरी तेथेही हाताशी ठेवावी.