पहाटेच्या सायकलीआधी हातांची तयारी

सोलापूरची थंडी दुपारी आठवतही नाही. पण गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पहाटे साडेपाचला तुळजापूर रस्त्याला लागा, मग कळते. शहरात काही वाटत नाही. हिप्परगा तलावाजवळ गार वारा लागला की बोटांची टोकं बधिर व्हायला लागतात. म्हणून सगळं आदल्या रात्रीच काढून ठेवावं.

पहिलं काम छाती झाकण्याचं. अंग गारठलं की शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग हातमोजे कितीही जाड असोत, आत ऊब येणार कुठून? स्वेटरवर विंडचीटर घ्या. नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवा, वारा चांगला अडतो. कानटोपी हवीच. बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये मनगटाची जी पट्टी उघडी राहते तिच्याकडे फार कुणी बघत नाही, आणि वारा नेमका तिथूनच शिरतो. जुन्या लोकरी पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवा. माझी अशी जोडी तीन हिवाळे टिकली आहे.

हातमोजे सुती नकोत, घामाने भिजले की उलट गार पडतात. आत पातळ लोकरीचे, वर वारा अडवणारे, आणि सैलसर; मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे, घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही. ते घालून दारातच ब्रेक दाबून बघा. एकदा नव्या जाड मोज्यांत माझं बोट लिव्हरवरून घसरलं आणि समोर शेळ्यांचा कळप होता. पाय घासत कसाबसा थांबलो. तेव्हापासून ब्रेक तपासल्याशिवाय मी निघत नाही.

हँडलची उघडी दांडी हातातली ऊब ओढते, तिच्यावर टेप गुंडाळा. खिशात टेरीचा, म्हणजे टॉवेलच्या कापडाचा, नॅपकिन असू द्या. आपल्या गावात त्याची काय कमी!

वाटेत बोटं आखडली तर रस्त्याकडेला थांबून दोन्ही हात खांद्यापासून वीस-तीस वेळा गोल फिरवा, रक्त टोकापर्यंत उतरतं. फक्त करंगळी आणि अनामिकेलाच मुंग्या येत असतील तर बहुधा तळहाताची नस दबलेली असते, पकड बदला. बधिर हात शेकोटीवर किंवा कढत पाण्यात धरू नका, भाजलेलं कळत नाही, काखेत धरा. बोटं वरचेवर पांढरीफटक पडत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, सायकल चार दिवस थांबेल.