आयकार्ड जप्त होण्याआधी: कॉलेजातल्या या चुका टाळा

जुलै-ऑगस्टात पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर तोंड पाडून बसलेली चार-पाच पोरं हमखास दिसतात. आयकार्ड जप्त. बहुतेकांनी मुद्दाम काही केलेलं नसतं. आपला आवाज कुठवर जातो, हे ध्यानात आलेलं नसतं.

नेहमीची चूक म्हणजे व्हरांड्यातला कट्टा. आपलं लेक्चर सुटलं की सगळ्यांचंच सुटलं असं वाटतं. आत तोंडी परीक्षा चालू असते आणि जुन्या दगडी इमारतीत साधं हसणंही घुमतं. गप्पांना कॅन्टीन आहे, ग्राउंड आहे, नाहीतर टेकडी आहेच.

तालमींचं प्रकरण अवघड. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, जवळ आली की नाटकवाल्यांना दिवसरात्र कळत नाही. 'कॉलेजसाठीच तर करतोय!' खरंय, पण हॉल लेखी मागा, अर्जात वेळ लिहा, सरांची सही घ्या. शेजारच्या वर्गात काही आहे का ते शिपाईमामांना विचारा. नोटीस बोर्डापेक्षा त्यांची माहिती ताजी असते. ढोल-ताशाची हौस मात्र आवाराबाहेरच भागवा. शाळा-कॉलेजांभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं आणि तिथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल असते. समोरासमोरचं साधं बोलणंच साठाच्या आसपास जातं, मग ढोलाचं काय सांगायचं!

ज्युनिअरची 'ओळख' घेताना 'आमच्याकडूनही नाचून घेतलं होतं' हा बचाव चालत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड. गुन्हा सिद्ध झाल्यास कॉलेजातून काढतात आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. त्रास होत असलेल्याने रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला, 1800-180-5522 वर, फोन करावा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. वॉचमनकाकांनी कार्ड मागितलं की आपल्यातला अस्सल पुणेकर जागा होतो: 'तुम्ही कोण विचारणारे?' गोंगाट दोन मिनिटांत मिटला असता. रिपोर्ट जातो तो या वाक्याचा. त्यात मित्राने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं की संपलंच.

तसं झालंच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आधी काकांची माफी मागा, मग ऑफिसात जा. घोळक्याने नको, एकट्याने. चूक आपली नव्हती असं खरंच वाटत असेल, तर वाद घालण्यापेक्षा विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो; निर्णय पटला नाही तर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर 'ठेवून जा, बघतो' म्हणतील. थांबा, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेऊनच निघा.